कारखान्यातला कॉम्प्युटर घरून उघडायचाय: आयपीव्ही६ ची वाट बघू का पीअर-टू-पीअर टूल टाकू?

टॉवेलवाला | ९ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सोळा माग, एक केबिन. केबिनमध्ये टॅलीचा कॉम्प्युटर आणि आठ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. मी राहतो जुळे सोलापुरात. मुलगा पुण्यात नोकरीला, पण जीएसटीचं काम अजून तोच बघतो. आम्हा दोघांना आपापल्या घरून तो टॅलीचा कॉम्प्युटर उघडता यावा, एवढंच पाहिजे.

आधी उघडायचा. राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून ठेवलेला (बाहेरून आत यायला एका नंबरचं दार उघडं), पाच वर्षं चालला. मे महिन्यात ब्रॉडबँडवाल्यानं काहीतरी बदललं आणि तेव्हापासून बंद. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून १००.७२ नं सुरू होणारा आकडा दिसतो, आणि ‘माझा आयपी काय’ असं नेटवर विचारलं तर भलताच येतो. ऑफिसात फोन केला. तिथला पोरगा म्हणाला, "काका, पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, आता कुणालाच नाही. आयपीव्ही६, ती पत्त्यांची नवी पद्धत, येणारंय, मग सगळं आपोआप होतंय." कधी? "वरून आलं की." स्टॅटिक आयपी मागितला तर त्याचे वर्षाला वेगळे पैसे, आणि तोही शिल्लक असला तर.

मुलगा म्हणतोय वाट बघत बसू नका, एक पीअर-टू-पीअरवालं (दोन कॉम्प्युटर थेट एकमेकांना जोडणारं) टूल आहे, दहा मिनिटांत टाकून देतो. माझी अडचण अशी की मधी कुणाचा तरी परदेशातला सर्व्हर, आणि त्याच्यातून माझी खातेवही. जाणकारांनी सांगावं.

कडक_भाकरी | ९ जुलै, रात्री ११.०५

काका, टूलचं मागनं बघू. पाच वर्षं कुठला पोर्ट उघडा ठेवला होतात? ३३८९ म्हणू नका फक्त.

टॉवेलवाला | ९ जुलै, रात्री ११.१२

३३८९ च. का बे?

कडक_भाकरी | ९ जुलै, रात्री ११.२०

देवा. रिमोट डेस्कटॉपचा तो पोर्ट म्हणजे कारखान्याचं शटर वर करून पाटी लावल्यासारखं. दिवसरात्र बॉट (आपोआप फिरणारे प्रोग्राम) येऊन कडी हलवून बघत असतात. वाचलाव हे नशीब समजा. डीव्हीआरचाही पोर्ट उघडा होता का? २०१६ साली मिराई नावाच्या बॉटनेटनं असेच लाखो डीव्हीआर आणि कॅमेरे फॅक्टरी पासवर्डवर ताब्यात घेतले होते, आणि ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या वेबसाइट काही तास आडव्या केल्या होत्या. तुमच्या मागांवरचा कॅमेरा त्या फौजेत नव्हता कशावरून?

नवीपेठ_सीए | १० जुलै, सकाळी ८.१५

वरच्या प्रतिसादाला +१. माझ्या एका क्लायंटकडे अगदी हेच झालं. ३३८९ उघडा, पासवर्ड दुकानाचं नाव आणि १२३. ऐन मार्चमध्ये सकाळी दुकान उघडलं तर स्क्रीनवर खंडणीची नोटीस, आणि डेटाच्या प्रत्येक फाइलच्या मागे चार नवीन अक्षरं चिकटलेली. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला लावलेली, त्यामुळे तीही गेली. आम्ही बँकेच्या स्टेटमेंटवरून आणि कागदी बिलांवरून अकरा महिन्यांची खाती पुन्हा लिहिली. माझ्या ऑफिसातली एक मुलगी त्या महिन्यात रोज रात्री साडेनऊला घरी जायची.

तेव्हा टॉवेलवाले काका, काहीही करा, पण जुनं होतं तसं परत आणायला जाऊ नका. पब्लिक आयपी मिळाला तरीही नाही.

वायरमन | १० जुलै, दुपारी १.३०

मी एका केबल-ब्रॉडबँडवाल्याकडे काम करतो (कुठल्या ते विचारू नका, तुमचाच असायचा). फोनवरच्या पोराला शिव्या घालू नका, त्याच्या हातात काही नाही. आमच्याकडे पब्लिक पत्ते २५६. गिऱ्हाईक त्याच्या दसपट. आता तुम्हीच वाटून दाखवा.

एका पत्त्याला ६५,५३६ पोर्ट. गिऱ्हाइकाला हजार-हजार दिले तर एका पत्त्यावर साठ-पासष्ट घरं बसतात. एक पब्लिक पत्ता असा अनेक घरांत वाटायचा, यालाच सीजीनॅट म्हणतात. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास याच कामासाठी बाजूला काढले गेले. म्हणून तुमच्या राउटरला १००.७२ दिसतो. तो बाहेरचा पत्ता नाही, आमच्या वाड्यातल्या खोलीचा नंबर आहे. आणि कुठल्या वेळी कुठला पोर्ट कुणाकडे होता याची नोंद आम्हाला ठेवावी लागते, ती डोकेदुखी वेगळीच.

नवीन पत्ते मिळत नाहीत. जागतिक कोठार ३ फेब्रुवारी २०११ ला रिकामं झालं. त्यानंतर दोन-अडीच महिन्यांत आशियाचंही तळाला गेलं. नवीन सभासदाला आधी १,०२४ पत्ते द्यायचे, २०१९ पासून ५१२ च.

टॉवेलवाला | १० जुलै, दुपारी ३.००

मग आयपीव्ही६ का लावत नाही तुम्ही? त्याचे पत्ते तर ढिगानं आहेत म्हणं.

वायरमन | १० जुलै, दुपारी ३.४५

पत्ते कागदावर घेऊन ठेवलेत. लावायचे म्हणजे ओएलटी (आमच्याकडची फायबरची मुख्य पेटी), राउटर, बिलिंगचं सॉफ्टवेअर, आणि तुमच्या घरातला तो नेटचा पांढरा डबा, सगळं तयार पाहिजे. गेल्या दहा वर्षांत निरनिराळ्या मालाचे डबे बसवलेत. काहींत आयपीव्ही६ आहेच नाही, काहींत आहे पण चालू केलं की डबा दर दोन तासांनी झोपतो. दोन हजार घरी जाऊन डबे बदलायचे कोण? आणि ते केल्यावर गिऱ्हाइकाला दिसणार काय? काहीच नाही. रील आधीही चालायचं, आताही चालतंय. उलट एखादी बँकेची साइट अडकली की फोन आम्हालाच.

भुईकोट | १० जुलै, रात्री ९.१०

हेच ऐकत माझे केस पांढरे झाले. आयपीव्ही६ चं पहिलं मानक डिसेंबर १९९५ चं. ६ जून २०१२ ला जगभर ‘आता कायमचं चालू’ असं जाहीर झालं. आपल्या दूरसंचार विभागाचा पहिला आराखडा २०१० चा, दुसरा २०१३ चा. तारांवरच्या जोडण्यांसाठी ३१ डिसेंबर २०२२ ही मुदत होती. आणि मोबाइलवर हे झालेलं आहे! जिओ सप्टेंबर २०१६ ला आलं तेच आयपीव्ही६ घेऊन. भारत या बाबतीत जगाच्या सरासरीच्या बराच पुढे आहे तो मोबाइलमुळे. म्हणजे होत नाही असं नाही, करत नाहीत.

आणि का करत नाहीत, तर तुमच्या मुलासारखी मंडळी जुगाड करून देतात म्हणून. नॅट (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवणं) हाच मुळात जुगाड. मे १९९४ मध्ये ज्यांनी तो मांडला त्यांनी स्वतःच ही अल्पकाळाची सोय आहे असं लिहून ठेवलंय. त्यावर सीजीनॅटचा दुसरा थर, आता त्याला भोक पाडणारं टूल हा तिसरा. गळक्या छपराखाली बादल्या ठेवत गेलात तर कौलं कोण बदलणार? गिऱ्हाइकांनी मिळून मागणी लावली पाहिजे. माझं मत: काकांनी ऑफिसला लेखी अर्ज द्यावा, आणि इथल्या प्रत्येकानं द्यावा.

उजनीकर_पुण्यात | ११ जुलै, सकाळी ७.५०

भुईकोटांचा राग समजतो, आणि अर्ज जरूर द्या. पण काकांचं जीएसटीचं रिटर्न २० तारखेला आहे.

मी हेच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. नाव घेऊन सांगायचं तर टेलस्केल किंवा झीरोटियर. टेलस्केल आतून वायरगार्ड वापरतं, दोन यंत्रांमधलं बोलणं कुलूपबंद करणारं टूल. नुसतं वायरगार्डही लावता येतं, पण त्यात पुढची करामत नसते, एका बाजूला पब्लिक आयपी लागतो. मूळ करामत पहिल्या दोघांची एकच.

असं समजा, दोन वाडे आहेत. दोन्ही देवड्यांवर रखवालदार. नियम एकच: आतल्या माणसानं ज्याला आधी हाक मारली असेल, त्याचंच उत्तर आत सोडायचं. अनोळखी माणूस आला तर हाकलून द्यायचा. आता एका वाड्यात तुम्ही, दुसऱ्यात मुलगा. तुम्ही त्याला हाक मारली तर त्याचा रखवालदार अडवतो. त्यानं मारली तर तुमचा अडवतो. मग करायचं काय? चौकातल्या चहावाल्याला दोघंही ओळखता. दोघंही त्याला निरोप देता की मी अमुक देवडीतून बोलतोय. चहावाला दोघांना एकमेकांची देवडी सांगतो, आणि दोघं एकाच वेळी एकमेकांना हाक मारता. तुमच्या रखवालदाराच्या वहीत ‘यानं त्याला हाक मारली’ अशी नोंद होते, त्याच्याही वहीत होते, आणि दोघांनाही समोरून आलेली हाक उत्तरासारखी वाटते. दार उघडलं. चहावाला बाजूला. पुढचं बोलणं थेट.

यात जादू काही नाही. चहावाल्याला आपली देवडी विचारायच्या पद्धतीला एसटीयूएन म्हणतात, तिचं पहिलं मानक २००३ चं. तुम्ही व्हॉट्सॲपवर पोराशी बोलता तो कॉलसुद्धा जमेल तिथं असाच थेट जोडला जातो. डीव्हीआरवरचा तो क्यूआर कोड स्कॅन केला की मोबाइलवर कॅमेरा दिसतो ना? तेही हेच, फक्त गचाळ पद्धतीनं.

परदेशातल्या सर्व्हरचं म्हणाल, तर तो हा चहावाला. वायरगार्डमध्ये प्रत्येक यंत्राची एक गुप्त किल्ली असते, ती त्या यंत्रावरच तयार होते आणि तिथंच राहते. बाहेर जाते ती जाहीर किल्ली. थेट जोडणी जमली नाही तर डेटाची पाकिटं रिलेवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरमार्गे, जातात, पण ती कुलूपबंदच जातात. चहावाल्याला कोण कुणाशी, किती वेळ बोललं ते कळतं. काय बोललं ते नाही.

शेंगाचटणी | ११ जुलै, सकाळी ९.३०

चहावाल्याचं उदाहरण आवडलं पण एक शंका. उद्या चहावाल्यानंच खोट्या माणसाला "हाच काकांचा मुलगा" म्हणून दाखवलं तर? किल्ल्या तोच वाटतोय ना.

आणि डीव्हीआरच्या क्यूआर कोडबद्दल: २०१९ साली एका संशोधकानं दाखवलं होतं की अशा स्वस्त कॅमेऱ्यांत बसवलेल्या एका पीअर-टू-पीअर भागात मोठं भोक आहे. यंत्राचा क्रमांक अंदाजानं काढता यायचा, आणि मग पासवर्ड मधल्यामध्ये चोरता यायचा. २० लाखांच्या वर उपकरणं उघडी होती. पीअर-टू-पीअर म्हटलं की सुरक्षित असं काही नसतं.

उजनीकर_पुण्यात | ११ जुलै, सकाळी १०.१०

शंका शंभर टक्के बरोबर. जाहीर किल्ल्या वाटणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतोच. उपाय दोन. टेलस्केलमध्ये नवीन यंत्राला तुमच्याच जुन्या यंत्राची सही लागेल अशी सोय आहे, ती चालू करायची. नाहीतर हेडस्केल नावाचा मुक्त-स्रोत सर्व्हर स्वतःच्या भाड्याच्या मशीनवर टाकायचा. म्हणजे चहाची टपरीही आपलीच. पण मग तो सर्व्हर रात्री दोनला पडला तर उठायचंही आपणच. काकांना मी तो सल्ला देणार नाही.

भुईकोट | ११ जुलै, सकाळी ११.००

बघा, आयपीव्ही६ असतं तर टपरी, रिले, हेडस्केल काहीच लागलं नसतं. प्रत्येक यंत्राला स्वतःचा जगजाहीर पत्ता. सरळ जोडा.

उजनीकर_पुण्यात | ११ जुलै, सकाळी ११.४०

इथंच माझा आणि तुमचा वाद आहे. सरळ कसं जोडाल? आयपीव्ही६ आलं की वाड्यातल्या खोलीला रस्त्यावरचा घरनंबर मिळतो, पण रखवालदार जात नाही. घरगुती राउटरचा फायरवॉल बाहेरून आलेलं अनोळखी पाकीट टाकूनच देतो, आणि तसंच पाहिजे. नाहीतर कडक_भाकरींचं शटर पुन्हा वर. मोबाइल कंपन्याही बाहेरून येणारं सहसा आत सोडत नाहीत. म्हणजे दोघांनी एकाच वेळी हाक मारायची करामत आयपीव्ही६ वरही लागतेच.

दुसरं, बऱ्याच ठिकाणी लाईट गेली, राउटर पुन्हा चालू झाला की घराचा आयपीव्ही६ चा पुढचा भाग बदललेला असतो. सोलापुरात लाईट किती वेळा जाते ते मी सांगायला नको. नवीन पत्ता मुलाला कोण कळवणार? परत चहावाला.

तिसरं, पत्ता म्हणजे ओळख नव्हे. त्या पत्त्यावर काकांचाच कॉम्प्युटर बसलाय हे किल्ली सांगते.

भुईकोट | ११ जुलै, दुपारी १२.३०

पहिला मुद्दा मान्य, पण एक फरक विसरताय. घरातल्या राउटरचा रखवालदार माझ्या पगारावर आहे. मी सांगितलं की अमक्याला सोड, तो सोडेल. सीजीनॅटचा रखवालदार कंपनीचा. त्याला मी काही सांगू शकत नाही, त्याच्या वहीतली नोंद तो कधी पुसतो तेही मला कळत नाही. हा फरक लहान नाही.

वायरमन | ११ जुलै, दुपारी १.१५

अर्ध्या मिनिटात पुसतो काही ठिकाणी. म्हणून तर वायरगार्डवाले दर २५ सेकंदाला ‘मी आहे’ म्हणून टिचकी मारतात. 😄

भुईकोट साहेब, पगारावरच्या रखवालदाराला सांगायची खिडकी तरी पाहिजे ना. आमच्या निम्म्या डब्यांत आयपीव्ही६ फायरवॉलचं पानच नाही.

उजनीकर_पुण्यात | ११ जुलै, दुपारी १.४०

भुईकोट, हा मुद्दा तुमचा. मी तो सोडून लिहिलं होतं. सीजीनॅटचे काही रखवालदार इतके खडूस असतात की तुम्ही चहावाल्याशी बोललात तर एक देवडी देतात आणि मुलाला हाक मारायला गेलात की दुसरीच. मग चहावाल्यानं सांगितलेला नंबर फुकट जातो. दोन्हीकडे असे असले की थेट जोडणी जवळपास होतच नाही, सगळं रिलेवरून. आयपीव्ही६ वर देवडी बदलत नाही, त्यामुळे तिथं करामत सहज जमते.

टॉवेलवाला | १७ जुलै, रात्री ११.३०

मंडळी, केलं. शेवटी मुलगाच आला शनिवारी. काय काय झालं ते सांगतो.

केबिनमधला कॉम्प्युटर आधी कॉम्प्रेसरची हवा मारून साफ करावा लागला. फॅनवर सुताची रुई अशी बसलेली की नमदा काढावा तसा थर निघाला. पांढऱ्या डब्यावर चार दिवे, तेही रुईत बुडालेले. पुसल्यावर कळलं त्यातला एक लाल आहे. जॉबर (आमचा मागांचा मिस्त्री) म्हणाला, मालक, हा कायमच लाल असतोय.

टेलस्केल टाकलं. खरंच दहा मिनिटं. पण टाकल्यावर मी घाबरलो, कारण कॉम्प्युटरला जो नवीन पत्ता आला तोही १०० नंच सुरू. म्हटलं झालं, परत कंपनीच्याच वाड्यात! पोरगा हसत बसला. हे टूलही तोच राखीव गट आतल्या आत वापरतं म्हणं.

मग जोडून बघितलं. पुण्याच्या त्याच्या घरातून: थेट. त्याच्या लाईनला पब्लिक आयपी आहे. टॅली जणू टेबलावर. जुळे सोलापुरातून, कारखान्यापासून गाडीवर वीस मिनिटं: रिले, आणि तो रिले बंगळुरूचा. म्हणजे माझं पाकीट होटगी रोडवरनं बंगळुरूला जाऊन अक्कलकोट रोडला येतंय! टॅलीला चालतंय, एंटर मारल्यावर जरा थांबावं लागतं इतकंच. कॅमेरे मात्र चित्र धरून बसतात. माग फिरतोय का थांबलाय कळत नाही.

जीएसटीचं रिटर्न मात्र काल पुण्यातून गेलं. पोर्ट एकही उघडा नाही. लेखी अर्जही देऊन आलो, भुईकोटांचा मान राखून. पोचपावती घेतली.

नवीपेठ_सीए | १८ जुलै, सकाळी ८.००

वा काका. एक विचारते, बॅकअप? आता मशीन पुण्याशी जोडलंच आहे तर टॅलीच्या बॅकअपचं फोल्डर रोज रात्री मुलाच्या मशीनवर जाऊ द्या. त्यासाठीचं सिंकथिंग नावाचं टूल फुकट आहे आणि तेही पीअर-टू-पीअरच. फक्त चालू डेटाचं फोल्डर सिंकला लावू नका, टॅली उघडी असताना अर्धवट फाइल जाते. आणि जुन्या प्रती ठेवायचा पर्याय चालू करा. नाहीतर इकडे फाइल खराब झाली की तिकडेही इमानदारीत खराब होते.

शेंगाचटणी | १८ जुलै, सकाळी ९.२०

गूगलच्याच खात्यानं लॉगिन केलं असणार. त्या खात्याला दोन-टप्पी पडताळणी लावा आजच. आता कारखान्याची किल्ली म्हणजे ते खातं.

टॉवेलवाला | १८ जुलै, रात्री १०.००

लावली. बॅकअपचंही केलं. सीए वहिनींचे आभार.

वायरमन | २२ नोव्हेंबर, दुपारी २.१०

धागा वर काढतोय. सगळ्यांना सांगू नका, पण एमआयडीसीच्या एका ओएलटीवर आणि जुळे सोलापूरच्या दोन पट्ट्यांत आयपीव्ही६ चालू केलंय, चाचणी म्हणून. डबा नवा असेल तर आपोआप येतं. काका, तुमच्या घरी आणि कारखान्यात आमचीच लाईन असली तर बघा बरं.

टॉवेलवाला | २२ नोव्हेंबर, रात्री ९.४५

तुमचीच असायची. मी काही केलं नाही, काही दाबलं नाही, आता तुमचं वाचून स्टेटस बघितलं. जुळे सोलापूर ते कारखाना, थेट! शेजारी तो लांबलचक पत्ता, त्यात मधी मधी कोलन. सहा मिलिसेकंद. कॅमेरा उघडला तर सात नंबरच्या मागावर बीम बदलतानाचं जॉबरचं तोंड दिसलं, आणि त्या तोंडात मावा.

भुईकोट | २२ नोव्हेंबर, रात्री १०.०५

कोण म्हणत होतं आयपीव्ही६ नं गिऱ्हाइकाला काही दिसत नाही?

उजनीकर_पुण्यात | २२ नोव्हेंबर, रात्री १०.२०

जॉबरचं तोंड दिसलं खरं. 😄 पण काका, टूल काढून सरळ त्या पत्त्यावर जोडून बघा.

टॉवेलवाला | २३ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

बघितलं. नाही जोडत. डबा आत सोडत नाही, आणि डब्यात सांगायची खिडकी नाही. पहाटे लाईट जाऊन आली तर पत्ताही बदलला. टूल परत चालू केलं, पाच सेकंदांत थेट. दोघंही खरे निघालाव, आता भांडण बंद करा.

कडक_भाकरी | २३ नोव्हेंबर, सकाळी ९.००

भांडण बंद झालं तर या साइटवर उरणार काय?

टॉवेलवाला | १४ जानेवारी, सकाळी ७.१५

सगळ्यांना संक्रांतीच्या शुभेच्छा. काल माझी फजिती झाली, ती सांगून ठेवतो.

काल संध्याकाळी सिद्धेश्वराच्या जत्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक बघायला घरचे सगळे गेलेलो. बाळीवेसजवळ गर्दीत उभा होतो, पुण्याहून पोराचा फोन. बाबा, कारखाना दिसत नाही. म्हटलं लाईट गेली असेल. तर डीव्हीआरचं कंपनीवालं ॲप चालू, कॅमेरे दिसतायत. म्हणजे लाईट आहे, नेट आहे, कॉम्प्युटर चालू आहे, फक्त टूल मेलंय. पहिला संशय वायरमनवर घेतला, माफ करा. मग पोरानं हळूच सांगितलं: टेलस्केलची किल्ली १८० दिवसांनी बाद होते, पुन्हा लॉगिन करावं लागतं. जी यंत्रं कुणी हात न लावता चालायची असतात त्यांच्यासाठी ती मुदत बंद करायचा पर्याय आहे, आणि तो जुलैतच त्यानं मला बंद करायला सांगितला होता. जुलै ते जानेवारी, १८० दिवस भरले. मीच विसरलो.

मग काय, गर्दीतून गाडी काढायची सोय नाही. जॉबरला फोन लावला. तोही गड्ड्यावरच, म्हणजे जत्रेतच, पाळण्यात. खाली उतरून, लेकरांना बायकोजवळ सोडून, एमआयडीसीत गेला बिचारा. फोनवर एकेक अक्षर सांगत लॉगिन करवलं. दोन-टप्पी पडताळणीचा आकडा माझ्या मोबाइलवर येणार, आणि मिरवणुकीच्या गर्दीत नेटवर्क नाही. आकडा येईपर्यंत त्याची मुदत संपायची. तिसऱ्या वेळेला मी एका दुकानाच्या जिन्यावर चढून वरच्या गच्चीत गेलो तेव्हा जमलं. जॉबरला आज पाळण्याचे पैसे माझ्याकडून.

उजनीकर_पुण्यात | १४ जानेवारी, सकाळी ८.००

मुदत आता बंद केलीत ना?

टॉवेलवाला | १४ जानेवारी, सकाळी ८.०५

गच्चीवरच केली. शिवाय दुसरी वाट म्हणून केबिनमधल्या जुन्या लॅपटॉपवर नुसतं वायरगार्ड टाकणारंय पोरगा, कुणाच्या खात्याशिवाय, पुण्याच्या पब्लिक आयपीला जोडलेलं. एक कुलूप अडलं तर दुसरं.

वायरमन | १४ जानेवारी, सकाळी ९.३०

संशयाचं राहू द्या, सवय आहे. काका, तुमच्या त्या पांढऱ्या डब्याचं मॉडेल सांगता का? मार्चमध्ये नवीन फर्मवेअर टाकायचंय, त्यात आयपीव्ही६ फायरवॉलचं पान आहे म्हणतायत. आणि तो लाल दिवा अजून लालच आहे का?

टॉवेलवाला | १४ जानेवारी, सकाळी ९.४०

लालच आहे. आज जत्रेतल्या अक्षता आहेत, कारखाना बंद. परवा गेलो की डबा उलटा करून स्टिकरचा फोटो टाकतो. रुई पुसून.